दूध का नासतं, गढूळ पाणी कसं निवळतं? कणांच्या गुठळ्या प्रकाशाने कशा मोजतात?

उन्हाळ्यात रात्री दूध फ्रिजबाहेर राहतं. सकाळी चहासाठी ते गॅसवर ठेवलं की पातेल्यात पाणी एकीकडे आणि गोळे एकीकडे. 'दूध नासलं' म्हणत आपण त्याचं पनीर करतो किंवा ते ओतून देतो.

पण हे गोळे डोळ्यांना दिसण्याच्या बऱ्याच आधी दुधात काहीतरी सुरू झालेलं असतं. एरवी एकमेकांपासून लांब राहणारे अतिसूक्ष्म कण एकमेकांना चिकटू लागलेले असतात. आधी दोघांची जोडी होते, मग चार-पाच जणांचा पुंजका आणि शेवटी गुठळी.

हीच गोष्ट तुरटी फिरवलेल्या पाण्यात होते. चुकून गोठलेल्या लशीच्या बाटलीत होते. मोतीबिंदू होत असलेल्या डोळ्याच्या भिंगातही होते. काही ठिकाणी ती आपल्याला हवी असते, काही ठिकाणी अजिबात नको असते. म्हणूनच ती कधी सुरू झाली आणि किती वेगाने चालली आहे, हे गुठळी दिसायच्या आधीच कळणं महत्त्वाचं ठरतं.

ते कळतं प्रकाशामुळे. कसं, ते समजून घेऊ.

कलिल म्हणजे काय?

पाण्यात मीठ किंवा साखर घातली की ती पूर्ण विरघळते आणि पाणी पारदर्शक राहतं. वाळू घातली तर ती तळाशी बसते. या दोन्हींच्या मधला एक प्रकार असतो. त्यातले कण विरघळतही नाहीत आणि लगेच तळाशीही बसत नाहीत, ते तरंगत राहतात. अशा मिश्रणाला कलिल म्हणतात. इंग्रजीतला 'कोलॉइड' हा शब्द स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ थॉमस ग्रॅहम यांनी १८६१ मध्ये रूढ केला. डिंक किंवा सरस या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून तो तयार झाला.

कलिलातले कण साधारण १ नॅनोमीटर ते १ मायक्रोमीटर एवढे असतात. १ मिलिमीटरचे १० लाख भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे १ नॅनोमीटर. दूध, शाई, रंग, रक्त, धुकं, पावसाळ्यातलं नदीचं गढूळ पाणी ही सगळी कलिलाची उदाहरणं आहेत.

गाईच्या दुधात केसीन नावाच्या प्रथिनाचे गोलसर पुंजके असतात. त्यांचा आकार साधारण १०० ते २०० नॅनोमीटर. स्निग्धांशाचे थेंब त्यापेक्षा मोठे, म्हणजे काही मायक्रोमीटरपर्यंत असतात. दूध पांढरं दिसतं, कारण हे असंख्य कण त्यांच्यावर पडणारा प्रकाश सगळीकडे उधळून लावतात.

कवडशातली धूळ आणि टिंडाल परिणाम

अंधाऱ्या खोलीत कौलाच्या फटीतून कवडसा आला की त्यात धुळीचे कण नाचताना दिसतात. खरं तर कवडसा दिसतो तोच त्या धुळीमुळे. हवा अगदी स्वच्छ असती, तर प्रकाशाचा तो पट्टा बाजूने पाहणाऱ्याला जवळपास दिसलाच नसता.

कणावर पडलेला प्रकाश सरळ न जाता वेगवेगळ्या दिशांना फेकला जातो, याला प्रकाशाचं विकिरण म्हणतात. कलिलातून प्रकाशाचा झोत सोडला की त्याचा मार्ग उजळलेला दिसतो. शाळेच्या पुस्तकात हाच 'टिंडाल परिणाम' म्हणून असतो. आयरिश शास्त्रज्ञ जॉन टिंडाल यांनी १८६० च्या दशकात यावर सविस्तर प्रयोग केले, म्हणून हे नाव.

पुढे १८७१ मध्ये लॉर्ड रॅले यांनी त्यामागचं गणित मांडलं. प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा खूप लहान असलेले कण निळा प्रकाश लाल प्रकाशापेक्षा चौपटीहून जास्त विखुरतात. आकाश निळं दिसण्याचं कारणही हेच आहे.

रॅले यांच्या गणितात आणखी एक गोष्ट दडलेली आहे आणि या विषयाच्या मुळाशी तीच आहे. लहान कणाचा व्यास दुप्पट झाला, तर तो विखुरत असलेला प्रकाश दुप्पट किंवा चौपट होत नाही. तो तब्बल ६४ पट होतो.

फॅरेडेंच्या बाटलीतलं लाल सोनं

या कहाणीची सुरुवात मात्र त्याही आधी, लंडनमध्ये झाली. विजेच्या क्षेत्रातल्या शोधांसाठी ओळखले जाणारे मायकेल फॅरेडे १८५० च्या दशकात सोन्यावर प्रयोग करत होते. सोन्याच्या क्षारावर फॉस्फरसची प्रक्रिया करून त्यांनी पाण्यात सोन्याचे अतिसूक्ष्म कण तयार केले. ते पाणी पिवळं नव्हतं, माणकासारखं लाल होतं.

हे कण फॅरेडेंना कोणत्याही सूक्ष्मदर्शकातून दिसत नव्हते. पण झोत सोडल्यावर द्रवात उजळणारा प्रकाशाचा मार्ग पाहून, यात विरघळलेलं सोनं नसून धातूचे सुटे कण आहेत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. त्यात थोडं मीठ घातलं की लाल रंग निळसर होतो, हेही त्यांनी नोंदवलं. १८५७ मध्ये त्यांनी हे काम रॉयल सोसायटीसमोर मांडलं. त्यांनी तयार केलेले काही नमुने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आजही जपून ठेवलेले आहेत.

रंग का बदलला? सुटे असताना सोन्याचे हे कण हिरवा प्रकाश जास्त शोषतात, म्हणून द्रव लाल दिसतो. मिठामुळे ते एकमेकांना चिकटले की शोषण लाल रंगाकडे सरकतं आणि द्रव निळा-जांभळा दिसू लागतो. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ गुस्टाव्ह मी यांनी १९०८ मध्ये गोल कणांकडून होणाऱ्या विकिरणाचं संपूर्ण गणित मांडलं, तेही सोन्याच्या कलिलाचे रंग समजून घेण्यासाठीच.

घरी वापरल्या जाणाऱ्या अनेक गर्भधारणा चाचण्यांमधली लालसर रेघ आणि कोविडच्या अनेक रॅपिड अँटिजेन किटमधली रेघ, दोन्ही अशाच सोन्याच्या सूक्ष्म कणांमुळे उमटतात. ते कण किटमध्येच एकमेकांना चिकटून बसले, तर चाचणी बिघडते. त्यामुळे ते सुटे राहतील याची काळजी बनवतानाच घ्यावी लागते.

कण एरवी चिकटत का नाहीत?

पाण्यातले सूक्ष्म कण कधीच शांत बसत नाहीत. पाण्याचे रेणू त्यांना सतत धक्के देत असतात, त्यामुळे ते इकडे-तिकडे भरकटत राहतात. याला ब्राऊनियन हालचाल म्हणतात. रॉबर्ट ब्राऊन यांनी १८२७ मध्ये ती पाहिली आणि अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये तिचं गणित मांडलं.

भरकटताना कण एकमेकांच्या जवळ येतात. खूप जवळ आले की त्यांच्यात आकर्षण निर्माण होतं. त्याला व्हॅन डर वाल्स बल म्हणतात. हे एकच बल असतं, तर जगातली सगळी कलिलं काही वेळात गुठळ्या होऊन तळाशी बसली असती.

तसं होत नाही, कारण बहुतेक कणांच्या पृष्ठभागावर विद्युतभार असतो. मातीच्या कणांवर तो सहसा ऋण असतो. सारखा भार असलेले कण एकमेकांना दूर ढकलतात. म्हणजे आकर्षण आणि प्रतिकर्षण यांची रस्सीखेच चालू असते. प्रतिकर्षण जिंकलं तर कलिल टिकतं, आकर्षण जिंकलं तर गुठळ्या होतात.

या रस्सीखेचीचा सिद्धांत सोव्हिएत संघातल्या डेर्यागिन आणि लांडाऊ यांनी १९४१ मध्ये, तर नेदरलँड्समधल्या व्हेरवे आणि ओव्हरबेक यांनी १९४८ मध्ये मांडला. चौघांच्या आद्याक्षरांवरून तो 'डीएलव्हीओ सिद्धांत' म्हणून ओळखला जातो.

कलिल टिकू न देण्याचा सगळ्यात सोपा उपाय म्हणजे मीठ. मिठाचे आयन कणांभोवती गोळा होतात आणि त्यांचा भार झाकून टाकतात. आयनावरचा भार जितका जास्त, तितकं कमी मीठ पुरतं. सिद्धांतानुसार, आदर्श परिस्थितीत एकेरी भाराच्या आयनाचं जितकं प्रमाण लागतं, त्याच्या ६४ व्या हिश्श्यात दुहेरी भाराचा आयन आणि ७२९ व्या हिश्श्यात तिहेरी भाराचा आयन तेच काम करतो.

तुरटी, खाडी आणि दही

तुरटीत तिहेरी भाराचं ॲल्युमिनियम असतं. म्हणून पावसाळ्यात हंड्यातल्या गढूळ पाण्यात तुरटी दोन-चार वेळा फिरवली तरी पुरते. मातीच्या कणांवरचा ऋण भार नाहीसा होतो. शिवाय पाण्यात ॲल्युमिनियमचा चिकट साका तयार होतो, त्यात कण अडकतात आणि सगळं मिळून तळाशी बसतं. अनेक शहरांच्या जलशुद्धीकरण केंद्रांमध्येही पहिली पायरी हीच असते. ग्रामीण भागात याच कामासाठी निवळीच्या बिया उगाळून वापरण्याची जुनी पद्धत आहे.

नदी खाडीला मिळते तिथेही हेच घडतं. गोड्या पाण्यातून आलेले मातीचे बारीक कण समुद्राच्या खारट पाण्यात एकमेकांना चिकटतात आणि खाली बसतात. खाडीतला मऊ चिखल तयार होण्यामागे हे एक कारण आहे.

दुधाचं प्रकरण थोडं वेगळं आहे. केसीनच्या पुंजक्यांवर ऋण भार असतो. शिवाय त्यांच्यावर प्रथिनाच्या धाग्यांची केसाळ लव असते, ती त्यांना एकमेकांपासून दूर ठेवते. जीवाणूंनी दुधातल्या साखरेपासून आम्ल तयार केलं किंवा आपण लिंबू पिळलं, की हा भार कमी होतो आणि लवही आक्रसते. पीएच ४.६ च्या आसपास पोहोचला की केसीनवरचा एकूण भार शून्याजवळ येतो. मग कणांना चिकटण्यापासून रोखणारं काही उरत नाही. हे सावकाश झालं तर दही लागतं, झटक्यात झालं तर दूध फाटतं.

किती वेळात गुठळी होते?

पोलिश भौतिकशास्त्रज्ञ मारियन स्मोलुचोव्हस्की यांनी १९१६-१७ मध्ये याचं गणित केलं. समजा प्रतिकर्षण अजिबात नाही आणि दोन कण भेटले की लगेच चिकटतात. अशा वेळी कणांची संख्या निम्मी व्हायला किती वेळ लागेल?

एका मिलिलिटर पाण्यात १ अब्ज कण असतील, तर खोलीच्या तापमानाला उत्तर येतं सुमारे पावणेतीन मिनिटं. कण दसपट असतील, तर साधारण १६ सेकंद. गंमत म्हणजे कण मोठे आहेत की लहान, यावर हे उत्तर जवळपास अवलंबून नसतं. मोठा कण हळू फिरतो, पण त्याला धडकणंही सोपं असतं. दोन्ही परिणाम एकमेकांना भरून काढतात.

प्रत्यक्षात प्रतिकर्षण शिल्लक असेल, तर हजार किंवा लाख धडकांपैकी एखादीच धडक चिकटण्यात संपते. म्हणून काही कलिलं दिवसेंदिवस टिकतात, काही वर्षानुवर्षं. शास्त्रज्ञांना नेमकं हेच मोजायचं असतं: शंभर धडकांपैकी किती यशस्वी होतात?

प्रकाशाने हे कसं मोजतात?

यासाठी मुख्यतः तीन पद्धती वापरल्या जातात.

पहिली पद्धत: गढूळपणा मोजणं. नमुन्यातून प्रकाश सोडायचा आणि सरळ पलीकडे किती पोहोचला किंवा काटकोनात किती विखुरला, ते पाहायचं. काटकोनात मोजणाऱ्या उपकरणाला नेफेलोमीटर म्हणतात. पाण्याचा गढूळपणा ज्या 'एनटीयू' एककात सांगतात, त्यातला 'एन' याच शब्दावरून आला आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा गढूळपणा १ एनटीयूपर्यंत असावा. दुसरा स्रोत उपलब्ध नसेल तर ५ एनटीयूपर्यंत चालतो.

गुठळ्या होताना प्रकाश का वाढतो, हे एका हिशेबाने कळेल. लहान कण विखुरत असलेला प्रकाश त्याच्या आकारमानाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. समजा १०० सुटे कण आहेत आणि प्रत्येक जण १ एकक प्रकाश विखुरतो. एकूण १०० एकक. आता त्यांच्या ५० जोड्या झाल्या. प्रत्येक जोडीचं आकारमान दुप्पट, म्हणून तिचा प्रकाश चौपट. ५० गुणिले ४ म्हणजे २०० एकक. पाण्यातला पदार्थ तेवढाच आहे, कणांची संख्या निम्मी झाली आहे, तरी प्रकाश दुप्पट झाला. पुंजके प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा बरेच लहान आहेत तोवर हा हिशेब लागू पडतो. म्हणजे गुठळी डोळ्याला दिसायच्या आधी, अगदी जोड्या जमू लागल्यावरच उपकरणाला सुगावा लागतो.

दुसरी पद्धत: वेगवेगळ्या कोनांतून पाहणं. लहान कण पुढे आणि मागे जवळपास सारखाच प्रकाश विखुरतात. पुंजका मोठा होऊ लागला की प्रकाश पुढच्या दिशेला जास्त झुकतो. त्यामुळे नमुन्याभोवती वेगवेगळ्या कोनांतून प्रकाश मोजला, तर पुंजक्याचा आकार आणि त्याची घडण, दोन्ही कळतात. पीटर डिबाय यांनी १९४० च्या दशकात विकिरणावरून मोठ्या रेणूंचं वजन काढण्याची पद्धत विकसित केली, तीही याच कुटुंबातली.

तिसरी पद्धत: प्रकाशाची लुकलुक मोजणं. हिला डायनॅमिक लाइट स्कॅटरिंग, म्हणजे डीएलएस म्हणतात. लेझरचा प्रकाश असंख्य कणांवरून विखुरतो आणि ते सगळे किरण एकमेकांत मिसळतात. कण हलत असल्यामुळे ही बेरीज क्षणोक्षणी बदलते आणि एका जागी पोहोचणारा प्रकाश कमी-जास्त होत राहतो. लहान कण चपळ असतात, त्यांची लुकलुक जलद असते. मोठे कण सुस्त, त्यांची लुकलुक संथ.

उदाहरणार्थ, १०० नॅनोमीटर व्यासाचा कण पाण्यात असेल आणि लाल लेझरचा प्रकाश काटकोनात पाहिला, तर या लुकलुकीचा वेळ साधारण अर्ध्या मिलिसेकंदाच्या आसपास येतो. कण दसपट मोठा झाला, तर वेळही दसपट होतो. हा वेळ मोजला की आइन्स्टाइन यांच्या सूत्रावरून कणाचा आकार काढता येतो. दर काही सेकंदांनी मोजत राहिलं, की पुंजके वाढत असताना त्यांचा आलेखच समोर उमटतो.

लेझर १९६० मध्ये आला आणि त्यानंतर ही पद्धत शक्य झाली. १९६४ मध्ये अमेरिकेत कमिन्स, नेबल आणि यी यांनी पाण्यातल्या प्लास्टिकच्या सूक्ष्म गोळ्यांवर असं मोजमाप करून दाखवलं. त्याच वर्षी रॉबर्ट पेकोरा यांनी त्यामागचा सिद्धांत मांडला. आज औषध कंपन्या आणि विद्यापीठांच्या प्रयोगशाळांमध्ये टेबलावर मावणारी डीएलएस यंत्रं असतात. त्यातल्या अनेक यंत्रांवर 'झीटा पोटेन्शियल'ही मोजता येतं. कण एकमेकांना किती जोराने ढकलतात, याचा अंदाज त्यावरून येतो. ते अधिक किंवा उणे ३० मिलिव्होल्टच्या पलीकडे असेल, तर कलिल सहसा टिकाऊ मानतात.

गुठळी आतून कशी असते?

गुठळी म्हटलं की लाडवासारखा भरीव गोळा डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात सूक्ष्म कणांचे पुंजके बऱ्याचदा विरळ आणि फांद्या फुटलेले असतात, वाळलेल्या झुडपासारखे. अशा रचनेला फ्रॅक्टल म्हणतात.

भरीव गोळ्याची रुंदी दुप्पट केली तर वजन ८ पट होतं. भेटताक्षणी चिकटणाऱ्या कणांच्या पुंजक्याची रुंदी दुप्पट झाली, तर वजन फक्त साडेतीन पटीच्या आसपास वाढतं. उरलेली सगळी पोकळी. अनेक धडकांनंतर चिकटणाऱ्या कणांना आतल्या फटींमध्ये शिरायला वेळ मिळतो. त्यांचा पुंजका थोडा दाट असतो आणि त्याचं वजन सव्वाचार पटीच्या आसपास वाढतं.

डेव्हिड वाइट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात हे मोजून दाखवलं. १९८९ मध्ये 'नेचर' नियतकालिकात आलेल्या त्यांच्या निबंधात सोनं, सिलिका आणि पॉलिस्टायरीन अशा तीन अगदी वेगळ्या पदार्थांच्या कणांचा प्रकाश विकिरणाने अभ्यास होता. पदार्थ कोणताही असो, जलद चिकटणाऱ्यांचे पुंजके एका साच्याचे आणि सावकाश चिकटणाऱ्यांचे दुसऱ्या साच्याचे निघाले.

पृथ्वीवर एक अडचण येते. पुंजका मोठा झाला की गुरुत्वाकर्षणामुळे खाली बसतो. म्हणून २००१ मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर 'फिजिक्स ऑफ कोलॉइड्स इन स्पेस' हा प्रयोग पाठवण्यात आला. तिथेही कणांवर नजर ठेवायला प्रकाश विकिरणाचाच वापर केला गेला.

याचा आपल्या आरोग्याशी काय संबंध?

लस: पेंटाव्हॅलेंट, हिपॅटायटिस बी, टीडी अशा लशींमध्ये ॲल्युमिनियमच्या क्षाराचे सूक्ष्म कण असतात. त्यामुळे लशीचा परिणाम वाढतो. या लशी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायच्या असतात. चुकून गोठल्या, तर बर्फाचे स्फटिक हे कण एकमेकांवर दाबतात आणि त्यांच्या गुठळ्या होतात. बर्फ वितळल्यावर त्या सुटत नाहीत आणि लशीची परिणामकारकता घटू शकते.

बाटली पुन्हा द्रवरूप झाली की वरवर काहीच कळत नाही. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने 'शेक टेस्ट' सुचवली आहे. त्याच बॅचची एक बाटली मुद्दाम गोठवून वितळवायची. ती आणि संशयित बाटली दोन्ही हलवून शेजारी-शेजारी ठेवायच्या आणि अर्ध्या तासापर्यंत पाहायचं. संशयित बाटलीतला साका मुद्दाम गोठवलेल्या बाटलीइतक्याच किंवा त्याहून जास्त वेगाने खाली बसला, तर ती लस वापरायची नाही. या चाचणीला कोणतंही यंत्र लागत नाही. आरोग्यसेविका इथे डोळ्यांनी कणांच्या गुठळ्याच तपासत असते.

इन्सुलिन आणि प्रथिनांची औषधं: इन्सुलिनही गोठलं किंवा जास्त तापलं तर त्याचे रेणू एकत्र येऊन पुंजके होऊ शकतात. जे इन्सुलिन पाण्यासारखं स्वच्छ असायला हवं, ते ढगाळ दिसलं तर वापरू नये, अशी सूचना त्यामुळेच असते. काही प्रकारचं इन्सुलिन मुळातच दुधाळ असतं, ते वेगळं. त्यामुळे शंका आली तर डॉक्टर किंवा औषधविक्रेत्याला विचारावं. कर्करोगावरच्या अँटिबॉडी औषधांमध्येही पुंजके झाले तर शरीराची प्रतिकारशक्ती औषधाविरुद्धच उभी राहू शकते. म्हणून अशी औषधं तयार करताना डीएलएससारख्या चाचण्या केल्या जातात.

रक्ताची चाचणी: कोविडच्या काळात 'सीआरपी' हा शब्द घराघरात पोहोचला. ही चाचणी करण्याच्या एका प्रचलित पद्धतीत प्लास्टिकच्या सूक्ष्म गोळ्यांवर अँटिबॉडी बसवलेल्या असतात. रक्तात सीआरपी असेल, तर ते गोळ्यांना एकमेकांशी जोडतं, पुंजके होतात आणि द्रव गढूळ होतो. यंत्र तो गढूळपणा प्रकाशाने मोजतं आणि रिपोर्टवर आकडा येतो. इथे गुठळी मुद्दाम घडवून आणली जाते.

मोतीबिंदू: डोळ्याच्या भिंगात क्रिस्टलिन नावाची प्रथिनं दाटीने भरलेली असतात, तरीही ती सुटी आणि नीट मांडलेली असल्यामुळे भिंग पारदर्शक राहतं. वयानुसार खराब झालेली प्रथिनं एकत्र येऊ लागतात. हे पुंजके प्रकाश विखुरतात आणि नजर धूसर होते. अल्फा-क्रिस्टलिन हे प्रथिन खराब झालेल्या प्रथिनांना धरून ठेवतं आणि त्यांना गोळा होऊ देत नाही. पण त्याचा साठा जन्मापासून मर्यादित असतो.

अमेरिकेच्या 'नासा'मधले शास्त्रज्ञ रफत अन्सारी यांनी अवकाशातल्या प्रयोगांसाठी डीएलएसवर आधारित एक छोटं उपकरण तयार केलं होतं. तेच पुढे डोळे तपासण्यासाठी वापरण्यात आलं. अमेरिकेच्या नॅशनल आय इन्स्टिट्यूटबरोबर झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २३५ जणांच्या ३८० डोळ्यांची तपासणी झाली. वय वाढतं तसं अल्फा-क्रिस्टलिनचं प्रमाण कमी होतं, हे त्यात दिसलं. वरून पूर्ण पारदर्शक वाटणाऱ्या भिंगातही ही घट मोजता आली. म्हणजे मोतीबिंदू दिसण्याआधीची तयारी प्रकाशाच्या लुकलुकीतून वाचता आली.

या पद्धतीच्या मर्यादा काय?

एक मोठी अडचण म्हणजे धूळ. १०० नॅनोमीटरचा एक कण १० नॅनोमीटरच्या १० लाख कणांएवढा प्रकाश विखुरतो. त्यामुळे नमुन्यात धुळीचे थोडे जरी कण शिरले, तरी खऱ्या कणांचा आवाज त्यात बुडून जातो. म्हणून पाणी गाळून घेणं आणि काचेची नळी निर्मळ ठेवणं, हे या कामातलं अर्धं कौशल्य मानलं जातं.

दुसरी अडचण दाट नमुन्यांची. दुधासारख्या द्रवात प्रकाश एका कणावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर असा अनेकदा उडतो. मग साधं गणित चालत नाही. नमुना पातळ करावा, तर त्यामुळेच कणांचं वागणं बदलण्याची भीती असते. यावर उपाय म्हणून १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात 'डिफ्यूझिंग वेव्ह स्पेक्ट्रोस्कोपी' ही पद्धत पुढे आली. तिच्यात अनेकदा उडालेल्या प्रकाशाचाच उपयोग करून घेतात. दूध दह्यात किंवा चीजमध्ये बदलताना पाहण्यासाठी ती वापरली जाते.

तिसरं म्हणजे, डीएलएस कण प्रत्यक्ष पाहत नाही. ती मिळालेल्या लुकलुकीवरून सरासरी आकार सांगते. नमुन्यात वेगवेगळ्या आकारांचे कण मिसळलेले असतील, तर निष्कर्ष इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासारख्या दुसऱ्या पद्धतीने तपासून घ्यावा लागतो.

घरी करून पाहता येईल का?

हो, त्यासाठी मोबाइलचा टॉर्च पुरेसा आहे. काचेच्या ग्लासात पाणी घ्या, त्यात दुधाचे चार-पाच थेंब टाका आणि ढवळा. खोलीतला दिवा बंद करून ग्लासाच्या एका बाजूने टॉर्च लावा. बाजूने पाहिलं तर पाणी किंचित निळसर दिसेल. समोरून, टॉर्चच्या दिशेने पाहिलं तर प्रकाश पिवळसर दिसेल. निळा प्रकाश बाजूला विखुरला गेला, उरलेला सरळ आला.

आता त्यात थोडा लिंबाचा रस पिळा, हलकं ढवळा आणि काही मिनिटं थांबा. निळसर झाक कमी होऊन पांढुरके बारीक कण दिसू लागतील. सुटे कण एकत्र येत असल्याची ही खूण आहे. मात्र या प्रयोगासाठी लेझर पॉइंटर वापरू नका, त्याचा किरण थेट किंवा काचेवरून परावर्तित होऊन डोळ्यात गेला तर इजा होऊ शकते.

प्रयोगशाळेतलं यंत्र याहून फार वेगळं काही करत नाही. तिथे टॉर्चऐवजी लेझर असतो आणि डोळ्याऐवजी एकेक प्रकाशकण मोजणारा डिटेक्टर. म्हणूनच ग्लासात आपल्याला काही मिनिटांनी दिसणारा बदल त्याला पहिल्या जोड्या जमतानाच कळतो.